खाणवस्तीतील बालपण : स्मरणरंजनाचा नैतिक प्रश्न

रामटेकच्या गडाला स्मरणाचा वारसा फार जुना आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्यास विरोधही झाला. परंतु विदर्भाच्या वाङ्मयीन मनाने ते केव्हाच स्वीकारले आहे आणि १९९७ साली येथे स्थापन झालेल्या संस्कृत विद्यापीठालाही कालिदासाचेच नाव मिळाले. गडावर बसून सुटलेल्या नगरीची आठवण काढणारा यक्ष रसिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मात्र तो कोण होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. तो कुबेराचा, म्हणजे धनाच्या आणि निधींच्या अधिपतीचा, चाकर होता. कामात कसूर झाली म्हणून वर्षभराची शिक्षा भोगत होता. ती कसूर नेमकी कोणती हे कवीने सांगितले नाही. टीकाकारांनी मागाहून निरनिराळ्या कथा पुरवल्या. यक्षाला आठवणारी अलका प्रासादांची, उद्यानांची आणि नित्य यौवनाची नगरी आहे. तेथे स्त्रियांचे सारे प्रसाधन एकटा कल्पवृक्षच पुरवतो. कोणाला काही घडवावे, वाहावे, खोदावे लागत नाही. यक्षाच्या आठवणीतून चाकरी गळून गेलेली आहे. इतरांचीही आणि त्याची स्वतःचीही.

या गडाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर मनसर आहे आणि त्याच्या जवळ कांद्री. दोन्ही गावे मँगेनीजच्या खाणींची. मध्य प्रांतात हे खाणकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि मनसर ही आरंभीच्या खाणींपैकी एक. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनी ही ब्रिटिश कंपनी येथील धातुक परदेशी पाठवीत असे. १९६२ साली भारत सरकार आणि दोन राज्य सरकारे यांच्या बहुसंख्य भागभांडवलातून नवी कंपनी उभी राहिली आणि १९७७ साली ब्रिटिश कंपनीचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातील मँगेनीजच्या साठ्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भागातील एका खडकाला ‘गोंडाइट’ असे नाव दिलेले आहे. गोंड जमातीवरून एका खडकाचे नाव पडले आणि मनसरवरून भूस्तरांच्या एका मालिकेचे. तो खडक फोडणाऱ्या हातांची नावे मात्र भूशास्त्राच्या पानांत येण्याचे कारण नव्हते. मनसरच्याच टेकड्यांत १९९८ पासून झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन अवशेष मिळाले, तेव्हाही चर्चा राजांच्या नावांचीच झाली. विटा भाजणाऱ्यांची होऊ शकली नाही. हे कोणाच्या दोषाचे विधान नव्हे. जमीन दोन तऱ्हांनी खणली गेली आणि दोन्ही वेळा श्रम करणारा अनामच राहिला, एवढीच नोंद.

अशा खाणवस्तीत वाढलेली माणसे पन्नाशी उलटल्यावर बोलू लागली की त्यांच्या बोलण्यात एक विशिष्ट आर्द्रता येते. पाळीचा भोंगा, हातात घेतला की अनपेक्षितपणे जड लागणारा काळा दगड, त्याने माखलेली बोटे, सुरुंगाच्या आवाजाने थरथरणारी भांडी, मातीच्या ढिगाऱ्यावरून घसरत खाली येण्याचा खेळ, पगाराच्या दिवशीचा बाजार. खदान हा शब्द त्यांच्या तोंडी एखाद्या आजोळासारखा येतो. हे बोलणे खोटे नसते. आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनात एक अस्वस्थता उरते, कारण ज्या गोष्टी या आठवणीत गोड झाल्या आहेत त्यांतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी शरीराच्या झिजेशी बांधलेली होती. भोंगा मुलासाठी घड्याळ होता. बापासाठी तो हजेरी होता. अशा बालपणाची ओढ वाटणे, ते सुंदर होते असे म्हणणे, नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय? हा प्रश्न केवळ समाजशास्त्राचा नाही. आत्मपर लेखनाच्या समीक्षेचाही तो मध्यवर्ती प्रश्न आहे.

स्मृतीच्या प्रामाण्याविषयी भारतीय दर्शनांत मतभेद आहेत आणि ते येथे उपयोगी पडतात. नैयायिकांच्या मते स्मृती ही प्रमा नव्हे. ती पूर्वानुभवाच्या संस्कारातून उपजते, नवे ज्ञान देत नाही. अकलंकादी जैन तार्किकांनी मात्र तिला परोक्ष प्रमाणांत स्थान दिले. त्यांचा युक्तिवाद असा की व्याप्तीचे स्मरण झाल्याखेरीज अनुमानच संभवत नाही. मग स्मृती अप्रमाण मानून अनुमान प्रमाण कसे मानता येईल? खाणवस्तीतील मुलाच्या बाबतीत दोन्ही पक्षांना थोडे थोडे खरे मानावे लागते. त्याला भोंग्याचा आनंद आठवतो, तो त्याने खरोखरच अनुभवला होता. येथे स्मृती विश्वासार्ह आहे. परंतु भोंगा म्हणजे काय हे त्याच्या अनुभवात नव्हतेच, म्हणून ते त्याच्या स्मृतीत असू शकत नाही. ते त्याला नंतर, अन्य मार्गांनी कळले. स्मरणरंजनाचा नैतिक पेच या दोन ज्ञानांच्या मधल्या फटीत आहे.

ही फट बुजवण्याचे दोन मार्ग लेखक सर्रास वापरतात. पहिल्या मार्गाने प्रौढ आपले उत्तरकालीन ज्ञान मुलाच्या पदरात टाकतो. ढिगाऱ्यावर खेळतानाही मनात काहीतरी खुपत होते, बापाच्या खोकल्यात शोषणाचा सूर ऐकू येत होता, अशा धर्तीचे लेखन आपल्या ग्रामीण आणि कामगार साहित्यात विपुल आहे. त्यामागील हेतू चांगला असतो. पण आठ वर्षांच्या मुलाला वर्गजाणीव बहाल करणे हे त्या मुलाविषयीचे असत्य आहे. दुसऱ्या मार्गाने प्रौढ माणूस मुलाचे अज्ञान उसने घेतो. मुलाच्या डोळ्यांनी सांगतो आहोत, असे म्हणत तो त्या डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टींतून स्वतःची सुटका करून घेतो. हा मार्ग अधिक सफाईदार आणि म्हणून अधिक धोक्याचा. मुलाला ठाऊक नव्हते हे खरे. सांगणाऱ्याला तर ठाऊक आहे.

एक उदाहरण कल्पून पाहावे. मँगेनीजची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेली तर ती मज्जासंस्थेवर परिणाम करू शकते. ग्लासगो येथे मँगेनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांत दिसलेल्या या विकाराचे वर्णन कूपर या वैद्याने १८३७ मध्येच केले होते. चाल अडखळते, चेहरा भावहीन होतो, बोलणे मंद होते. कधी रोग्याला अकारण, आवरता न येणारे हसू येते. आता कोणत्याही देशातील, कोणत्याही मँगेनीज-वस्तीतील एक मूल घ्यावे. गल्लीत एक काका विचित्र चालतात, मध्येच हसतात. मुले त्यांच्या चालीची नक्कल करीत मागे धावतात आणि काकाही हसतात. चाळीस वर्षांनी हे आठवणाऱ्याने काय करावे? नक्कल करताना आपल्याला वाईट वाटले होते असे लिहिले तर ते खोटे होईल. गल्लीतला एक गमतीदार इसम म्हणून त्यांचे शब्दचित्र रेखाटले, तर मराठीतील व्यक्तिचित्रांच्या लाडक्या परंपरेत ते सहज खपून जाईल आणि एका रोगलक्षणाचा विनोद होईल. प्रामाणिक लेखनाला येथे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात: मुलांचे हसू खरे होते, काकांचे हसू त्यांचे स्वतःचे नव्हते.

इंग्लंडमधील खाणगावांच्या लेखनात हा पेच शंभराहून अधिक वर्षे वावरतो आहे. तेथे खाणीतील मुलांचे शब्द प्रथम मोठ्या प्रमाणावर छापले गेले ते आठवणी म्हणून नव्हे, साक्षी म्हणून. मुलांच्या रोजगाराची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८४२ साली प्रसिद्ध झाला. हवा खेळती ठेवण्यासाठी अंधारात दार उघडत-मिटत तासन्‌तास बसून राहणाऱ्या लहानग्यांनी त्यात आपले म्हणणे सांगितले आहे. त्याच वर्षी कायदा झाला आणि स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलग्यांना भूगर्भातील कामावरून काढण्यात आले. त्या साक्षींत माधुर्य नाही, कारण ती मुले वस्तीत खेळत नव्हती. ती खाणीतच होती. खाणगावच्या गोड आठवणी संभवतात त्या मूल खाणीतून बाहेर आल्यानंतरच. ‘गोड बालपण’ ही या वस्त्यांत निसर्गाने दिलेली गोष्ट नाही. ती कायद्याने, संघटनेने आणि घराने मिळवलेली आहे. भारतातही १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामावर ठेवण्यास मनाई केली. जो आज भोंग्याच्या आठवणीने व्याकुळ होतो, त्याच्या व्याकुळतेला ही पूर्वपीठिका आहे.

नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुडच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा डी. एच. लॉरेन्स याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) या कादंबरीत त्याने खाणकामगार बाप रंगवला तो बव्हंशी आईच्या दृष्टीने: दारुडा, ओबडधोबड, घराला परका. उत्तरायुष्यात आपण वडिलांना न्याय दिला नाही असे त्याला वाटू लागले होते, अशी नोंद त्याच्या परिचितांनी केली आहे. खाणमुलुखावर त्याने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधात खाणीतील पुरुषांच्या परस्परसहवासाविषयी, त्यांच्या अंधारातल्या जवळिकीविषयी कौतुक आहे. येथे काळाच्या ओघात आठवण कडूची गोड झाली. आणि आश्चर्य असे की ती गोड होताना अधिक न्याय्य झाली. स्मरणरंजन म्हणजे सत्याचा अपलाप, हे सूत्र त्यामुळे सरसकट लावता येत नाही. कधीकधी कटुताच पक्षपाती असते.

याच्या उलट टोकाला रिचर्ड लुएलिन. त्याच्या ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९३९) या कादंबरीने वेल्समधील खाणखोऱ्याचे हरवलेले बालपण जगभर पोचवले. १९४१ मध्ये जॉन फोर्डने त्यावर चित्रपट काढला, त्यासाठी ते खोरे कॅलिफोर्नियात उभारले. लेखक आपला जन्म वेल्समधला सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर तो लंडनचा निघाला. न जगलेल्या बालपणाची ओढ इतक्या लोकांना आपली वाटावी, याचा अर्थ ती ओढ बालपणातून आलेली नव्हती. त्या कादंबरीत कचऱ्याचा काळा ढिगारा हळूहळू घराकडे सरकत येतो. पुढे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधीलच ॲबरफॅन गावात असा ढिगारा खरोखरच घसरला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. वाचलेली मुले पुढे बराच काळ उघड्यावर खेळायला कचरत. ज्यांची मुले गेली त्या आईबापांना आपले खेळणे दिसू नये म्हणून. बालपणाच्या आनंदाला नैतिक मर्यादा असू शकते हे त्या मुलांना कोणी शिकवले नव्हते. ढिगाऱ्यावरून घसरण्याचा खेळ ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांच्या आठवणीच्या पायथ्याशी ॲबरफॅन असतेच, मग ते गाव कोणतेही असो.

आता मूळ प्रश्नाकडे परत यायला हवे. खाणवस्तीतील मुलाचे अज्ञान हा त्याचा निरागस स्वभाव नव्हता. ते कोणीतरी त्याच्यासाठी घडवलेले होते. बाप न्हाऊन मगच मुलाला जवळ घेतो, खाली झालेल्या अपघाताची गोष्ट आई-बाप मुले झोपल्यावर कुजबुजत बोलतात, कर्जाचा विषय निघाला की मुलाला पाणी आणायला पिटाळले जाते. या सगळ्या हालचालींनी मुलाभोवती एक कुंपण उभे राहते. ते बांधण्यासाठी पाळीबाहेरचे श्रम खर्ची पडतात आणि त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात होत नाही. मुलाला खाण मजेची वाटावी, हेच त्या घराचे यश होते. असे असेल तर मोठेपणी अपराधभावाने तो आनंद नाकारणे म्हणजे आईबापांनी आयुष्य वेचून जे तयार केले तेच मोडीत काढणे. भांडवलाने त्यांच्याकडून धातुक घेतले. मुलाचे सुख मात्र त्यांनी स्वतःसाठी निर्माण केले. ते खोटे ठरवण्याचा अधिकार मुलाला नाही.

परंतु येथेच थांबले तर हा विचार घरगुती कृतज्ञतेत विरून जाईल. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात गरिबीतील बालपणाची गोडी आईच्या कष्टांतून आलेली आहे, हे श्याम एका रात्रीपुरतेही विसरत नाही. त्या पुस्तकाची नैतिक ताकद तीच. पण तेथील ऋण मुख्यतः आईचे आहे. खाणवस्तीत ऋणको आणि धनको यांचा हिशेब घराच्या उंबऱ्याबाहेर जातो, कारण कुंपण सर्वांना बांधता येत नव्हते. वस्तीला उतरंड होती: टेकाडावरचे बंगले, मग कायम कामगारांची क्वार्टर्स, आणि त्यापलीकडे कंत्राटदाराकडे रोजाने जाणाऱ्यांच्या झोपड्या. बंगल्यातील मुलाला ढिगारा दुरून निळसर दिसे. क्वार्टरमधील मुलाला तो खेळायला मिळे. झोपडीतील मूल त्याच ढिगाऱ्यावर आईबरोबर दगड निवडत बसे. तिघांच्या आठवणी सारख्या असणे शक्य नाही. आठवणीतील गोडीचे प्रमाण हे त्या त्या घराला कुंपण किती परवडले याचे माप आहे.

दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला दिलेला धक्का या संदर्भात पुन्हा तपासण्यासारखा आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘अक्करमाशी’ (१९८४) ही पुस्तके आली तेव्हा त्यांतील दारिद्र्याची आणि अपमानाची चर्चा पुष्कळ झाली. त्यांतील मुलांना सगळे इतक्या लवकर कळते, ही गोष्ट तुलनेने दुर्लक्षित राहिली. त्या घरांना मुलाभोवती अज्ञान उभारण्याची सोय जातिव्यवस्थेने ठेवलेली नव्हती. पाणवठ्यावर, शाळेच्या दारात, उष्ट्याच्या भाकरीत ज्ञान समोर येऊन उभे राहत होते. दया पवारांनी तर या प्रश्नाला रूपबंधातच उत्तर दिले. ‘बलुतं’मध्ये दगडू पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. आठवणारा आणि आठवला गेलेला ही दोन माणसे आहेत, त्यांत एकाने दुसऱ्याचे ज्ञान किंवा अज्ञान उसने घ्यायचे नाही, असा करारच त्या रचनेत आहे. मराठी समीक्षेने याकडे निवेदनतंत्राची एक युक्ती म्हणून पाहिले. ती नैतिक भूमिका आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

खाणवस्तीच्या आठवणींत आणखी एक फरक दडलेला आहे, आणि रामटेकच्या परिसरात तो निर्णायक ठरतो. इंग्लंडच्या उत्तर भागातील खाणी संपल्या. १९८४-८५ च्या दीर्घ संपात कामगार हरले, खाणी एकामागून एक मिटल्या आणि यॉर्कशरमधील केलिंगली ही ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. डरहॅमला खाणकामगारांचा मेळावा आजही भरतो, जुनी निशाणे मिरवली जातात. पण त्या निशाणांखाली चालणाऱ्यांपैकी कोणाला दुसऱ्या दिवशी कोळशाच्या खाणीत उतरायचे नसते. मुंबईच्या गिरणगावाचीही हीच कथा. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, आणि थांबल्यावरच ते कवितेला अधिक गोड लागू लागले. अशा ठिकाणी स्मरणरंजनाचा विषय खरोखरच भूतकाळ असतो. तेथे आठवण काढणारा हा एका मृत जगाचा वारस असतो, आणि मृताविषयी थोडे अधिक चांगले बोलण्याची मुभा सर्वच संस्कृतींनी दिलेली आहे.

मनसर-कांद्रीच्या खाणी चालू आहेत. मनसरच्या धातुकाचा आणि त्या दूरच्या उत्तर इंग्लंडचा संबंध केवळ उपमेचा नाही. मँगेनीजयुक्त पोलादाचा शोध रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शेफील्ड येथे लावला. मध्य प्रांतातील मँगेनीज बाहेर नेण्याची सोय व्हावी हा १९३३ मध्ये खुल्या झालेल्या विशाखापट्टणम बंदरामागील एक प्रमुख हेतू होता. त्या साखळीचे ते टोक विझले, हे टोक विझलेले नाही. बालपणीची खदान आठवून कोणी पुण्यात किंवा परदेशात बसून हळवा होतो, त्या क्षणी येथे एक पाळी खाली गेलेली असते. त्याने ज्याला भूतकाळ मानले तो दुसऱ्या कोणाचा तरी वर्तमान आहे. त्याच्या बापाची जागा रिकामी राहिलेली नाही. तेथे आता दुसऱ्या मुलाचा बाप आहे, कदाचित कायम नोकरीच्या आधाराविना. यक्षाचे चुकले असेल तर ते येथे. अलकेची आठवण काढताना तिच्यात आज कोण राबत असेल, हा प्रश्न त्याला शिवत नाही. कल्पवृक्षाने सगळे पुरवले, असे त्याला मनापासून वाटते. त्याची व्याकुळता खरी आहे. कालिदासाने तिला अमर केले तेही योग्यच आहे. पण खाणवस्तीत वाढलेल्याला यक्षाचे अनुकरण करता येत नाही, कारण तो स्वतः कोणत्या कल्पवृक्षाखाली वाढला हे त्याला माहीत आहे. त्या वृक्षाला दोन हात होते आणि ते संध्याकाळी साबणानेही पुरते स्वच्छ होत नसत.

म्हणून या बालपणाविषयी लिहिणाऱ्याने आनंद कमी करू नये आणि त्याला दुःखाची पुस्तीही जोडू नये. श्रोता कोण, हे मात्र त्याने ठरवावे लागेल. यक्षाने मेघ निवडला, जो थांबत नाही आणि उलट विचारत नाही. श्यामला आश्रमातील मित्र मिळाले, दगडूला दया पवार. मनसरच्या आठवणी सांगणाऱ्यासमोर कांद्रीच्या क्वार्टरमधला आजचा खाणकामगार बसला आहे असे धरून चालावे. ढिगाऱ्याची, भोंग्याची, काळ्या दगडाची गोष्ट त्याला सांगून पाहावी. तो ऐकेल, कदाचित हसेलही. फक्त त्याच्याजवळ वेळ थोडा असेल, कारण दुपारच्या पाळीला त्याला खाली जायचे आहे.